हिरवा रुमाल, ब्युनोस आयर्स: कापड साधं, शिलाई कच्ची, काम दणकट

एक धागा उसवून काडीवर धरला. टोकाला काळा कडक मणी झाला, कागद जळल्याचा वास आला नाही. म्हणजे पॉलिस्टर. सुती समजून घ्यायला जाणाऱ्यांनी हे आधीच वाचलेलं बरं. घाम टिपायला, तोंड पुसायला, डबा बांधायला हा रुमाल कुचकामी आहे. पण तो बनवलाय अर्जेंटिनातल्या गर्भपाताच्या हक्काच्या मोहिमेची खूण म्हणून, आणि त्या कामाला याच्या तोडीचं कापड मी तरी दुसरं हाताळलेलं नाही, आणि कापड हाताळण्यातच माझा जन्म गेलाय.

इचलकरंजीत आमचं छपाईचं छोटं युनिट आहे. नॅपकिन, स्कार्फ, शाळांचे स्काऊटचे गळपट्टे, आणि निवडणूक आली की पक्षांची उपरणी. भगवी, निळी, तिरंगी, जी ऑर्डर येईल ती. तेव्हा राजकीय कापड म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पक्षाचं उपरणं एका सभेपुरतं असतं. विरळ वीण, वरून कांजी थापून आणलेला कडकपणा, एक धुणं झालं की फडकं. दुसऱ्या दिवशी त्यानेच कार्यकर्ता गाडी पुसतो. यात आमचा दोष नाही. पैसे घालणारा एक आणि गळ्यात घालणारे दहा हजार, असं असलं की कापडाचं हेच होतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझी भाची अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्सला नोकरी करते. २०२४ च्या मार्चमध्ये तिच्याकडे गेले, तेही लोकसभेची आचारसंहिता तोंडावर आणि युनिटवर उपरण्यांच्या ऑर्डरींचा ढीग असताना. नवरा अजून ते काढून दाखवतो. ८ मार्चला भाचीने मला संसदेसमोरच्या मोर्चाला नेलं. रस्त्याच्या कडेला टेबलं मांडलेली, त्यांवर पत्रकं, बिल्ले आणि हिरव्या रुमालांचे गठ्ठे. मोहिमेचं नाव लांबलचक आहे: कायदेशीर, सुरक्षित आणि मोफत गर्भपाताच्या हक्कासाठीची राष्ट्रीय मोहीम. ती २८ मे २००५ रोजी सुरू झाली. रुमाल तिच्याहून थोरला. २००३ मध्ये रोसारियो शहरात राष्ट्रीय महिला मेळावा भरला होता, तिथे तो पहिल्यांदा गळ्यांत दिसला. हे मेळावे १९८६ पासून भरतात, दर खेपेला वेगळ्या शहरात, आणि देशभरातून हजारो बायका तिथे पोचतात.

किंमत लिहीत नाही. लिहिली तरी तुम्ही जाल तोवर ती खोटी ठरेल. २०२३ अखेर त्या देशातला महागाईचा दर २११ टक्के होता. भाचीच्या ऑफिसखालच्या एका कॉफीइतके पैसे पडले, एवढं सांगते. टेबलावर घेतलात तर पैसे मोहिमेला जातात. म्हणजे इथे गळ्यात घालणारीच पैसे घालते. या लोकांनी आपला बराचसा खर्च अशाच रुमालांवर भागवलाय.

टेबलामागे साठी ओलांडलेली एक बाई होती. तिने भाचीला काहीतरी विचारलं.

"मावशी, ती विचारतेय, तुम्ही कुठून आलात?"

"सांग तिला इंडिया. आणि विचार, रंग जातो का?"

भाचीला लाजल्यासारखं झालं, पण तिने विचारलं. बाई हसली नाही, रागावलीही नाही. तिने स्वतःच्या पिशवीच्या बंदाला बांधलेला रुमाल सोडून माझ्या हातात दिला. तो २०१८ चा होता. ८ ऑगस्ट २०१८ च्या रात्री तो तिच्या गळ्यात होता. तिकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, त्यात पाऊस. आत सिनेटमध्ये चर्चा चाललेली, बाहेर रस्त्यावर लाखो माणसं भिजत उभी. जूनमध्ये कनिष्ठ सभागृहाने १२९ विरुद्ध १२५ मतांनी गर्भपाताचं विधेयक मंजूर केलं होतं, म्हणून आशा होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर सिनेटने ते ३८ विरुद्ध ३१ मतांनी पाडलं.

मी तो रुमाल उलगडून पाहिला. हिरवा रंग थोडा उतरला होता, पण उन्हाने, पाण्याने नव्हे. ओळखायचं कसं, तर धुण्याने गेलेला रंग सगळीकडून सारखा जातो. उन्हाने गेलेला वरवर जातो, गाठीच्या आत कापड गडद राहतं. या रुमालाची गाठ सोडली तर आत नव्यासारखा हिरवा होता. म्हणजे रंग पक्का. ही पॉलिस्टरची जमेची बाजू. सुती कापडावर इतका गडद हिरवा स्वस्तात टिकवून दाखवा म्हणावं. शिवाय पावसात भिजला तरी अर्ध्या तासात वाळतो. मी नवीन एक घेतला आणि मग आणखी घेतले.

आता शिलाई. इथे मला बोलायचंय.

रुमाल त्रिकोणी आहे. चौकोन कापायचा, कोपऱ्यातून कोपऱ्यात कात्री चालवायची, एकातून दोन निघतात, चिंधी शून्य. हिशेबाला उत्तम. पण तिरकी कड उरेब येते, म्हणजे विणीच्या धाग्यांना तिरपी, आणि उरेब कड ओढली की ताणते. शिलाईवाल्याने ती धरून हलक्या हाताने चालवायला हवी. माझ्या रुमालांत एकाचीच तिरकी कड सपाट आहे, बाकीच्यांची लाटा घेते. एका ठिकाणी तर दुमड निसटून कापडाचा काठ बाहेर आलाय. आमच्याकडे असा माल आला असता तर मी परत पाठवला असता. मात्र टेबलावरच्या बाईला हे सांगितलं तेव्हा तिने खांदे उडवले. भाचीने तिचं म्हणणं सांगितलं ते असं: गळ्याभोवती गुंडाळल्यावर कड कुणाला दिसते?

तेही खरं. बघायला गेलं तर गळ्याभोवती फारसा कुणी गुंडाळतच नाही. बहुतेकींनी तो पाठीवरच्या बॅगेला बांधलेला. कुणी मनगटाला, कुणी केसांना, एकीने सायकलच्या हँडलला. शाळा-कॉलेजच्या मुली मेट्रोत चढतात ती बॅग, त्यावर हा रुमाल. म्हणजे मोर्चा संपला, पण कापड काम करतच राहतं. आमच्या उपरण्याचं असं कधी होत नाही. सभेबाहेर उपरणं घालून कोण हिंडतं?

छपाई मात्र बरी आहे. हिरव्यावर पांढरं छापणं म्हणजे डोकेदुखी. साधा पांढरा रंग खालचा हिरवा दाखवतो, म्हणून दाट पेस्ट लागते. आमच्याकडे याला खादी छपाई म्हणतात. दाट घातली की चांगली उठते, पण घडीवर तडकते. यांनी मधला दाटपणा धरलाय. बोट घासून पाहिलं, पांढरं लागलं नाही. बारीक अक्षरंही स्वच्छ आहेत, स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, चांगली घट्ट ताणलेली असणार.

छापलंय काय, तर मध्ये एका पांढऱ्या रुमालाचं चित्र आणि मोहिमेचं नाव. म्हणजे रुमालावर रुमाल. तो पांढरा रुमाल प्लासा दे मायो या चौकातल्या आयांचा. १९७६ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि तरुण मुलं-मुली घराघरांतून उचलली गेली. मानवी हक्क संघटना गायब झालेल्यांचा आकडा ३०,००० सांगतात. एप्रिल १९७७ पासून त्यांच्या आया राष्ट्रपती भवनासमोरच्या चौकात जमू लागल्या, आणि गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून डोक्याला पांढरं कापड बांधू लागल्या. सुरुवातीला ते त्यांच्या मुलांच्या लंगोटांचं कापड होतं. आजही दर गुरुवारी दुपारी साडेतीनला तिथे फेरी निघते आणि चौकाच्या फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत. मी जाऊन आले. त्या आयांपैकी नोरा कोर्तिन्यास या डोक्याला पांढरा आणि मनगटाला हिरवा, असे दोन्ही रुमाल बांधून मोर्चांना यायच्या. नव्वदी ओलांडल्यावरही. मी परतले आणि दोनच महिन्यांत, ३० मे २०२४ ला त्या गेल्या.

छापखानेवाली म्हणून सांगते, हे चित्र निवडणारीचं डोकं तल्लख. नवीन मालाला बाजारात उभं राहायला वर्षं जातात. यांनी थेट देशातल्या सर्वांत विश्वासाच्या कापडाची खूण आपल्या कापडावर घेतली, आणि त्यातल्या काही आयांनी स्वतः ती हातावर बांधून त्या मालाला हमी दिली.

कडेने घोषणा आहे, तीन तुकड्यांत. ठरवता यावं म्हणून लैंगिक शिक्षण, गर्भपाताची वेळ येऊ नये म्हणून गर्भनिरोधकं, मरण येऊ नये म्हणून कायदेशीर गर्भपात. भाचीने वाचून दाखवली तेव्हा मला वाटलं, कापडावर फार मजकूर झाला. उपरण्यावर आम्ही चिन्ह आणि नेत्याचं नाव याहून जास्त काही घेत नाही, कारण कुणी वाचत नाही. पण यातला प्रत्येक तुकडा तिथे वेगळ्या कायद्याने मिळवावा लागलाय, आणि ते कळल्यावर एकही काढून टाकावासा वाटत नाही. १९७४ मध्ये पेरोन सरकारने हुकूम काढून गर्भनिरोधकांवर बंधनं आणली होती. देशाला माणसं हवीत, असा विचार. तो हुकूम १९८६ मध्ये उठला. सरकारी दवाखान्यात गर्भनिरोधकं फुकट मिळण्याचा कायदा २००२ चा. शाळेत लैंगिक शिक्षण देण्याचा कायदा २००६ चा. बाईला स्वतःच्या इच्छेने नसबंदी करून घेण्याची मोकळीकही २००६ मध्येच मिळाली. आणि शेवटचा तुकडा ३० डिसेंबर २०२० च्या पहाटे मिळाला, सिनेटमध्ये ३८ विरुद्ध २९ मतांनी. कायदा क्रमांक २७,६१०. चौदा आठवड्यांपर्यंत बाईच्या मागणीवरून गर्भपात, मागणी केल्यापासून दहा दिवसांच्या आत, सरकारी दवाखान्यात मोफत. त्याच रात्री दुसरा एक कायदाही झाला, ज्यांना मूल हवंय त्या आयांना गरोदरपणापासून बाळाच्या पहिल्या तीन वर्षांपर्यंत मदत देणारा. हा दुसरा कायदा आपल्याकडे सांगताना लोक विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मरण येऊ नये म्हणून, हे छापायला जड वाटतं ना? तिथला दंडसंहितेतला जुना नियम १९२१ चा होता. आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल तर गर्भपात चालेल, असं त्यात लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं, एवढंच. २००७ मध्ये सांता फे प्रांतात तीन मुलांची एक विशीतली आई जबड्याच्या कर्करोगाने गेली. पोटात गर्भ आहे म्हणून तिला केमोथेरपी दिली नाही, आणि गर्भपातही करू दिला नाही. तिची आई पुढे हाच हिरवा रुमाल बांधून देशभर बोलत फिरली. तुकुमान प्रांतातली दुसरी एक, तिला 'बेलेन' या बदललेल्या नावाने ओळखतात. २०१४ मध्ये पोटात दुखतं म्हणून सरकारी दवाखान्यात गेली, तिथे गर्भ पडला आणि तिथूनच तिला पोलिसांच्या ताब्यात दिलं. आठ वर्षांची शिक्षा झाली. सोलेदाद देसा या वकिलीणबाईंनी खटला हाती घेतला, देशभर मोर्चे निघाले, तेव्हा कुठे दोन वर्षांहून जास्त तुरुंगात काढून ती सुटली, आणि २०१७ मध्ये निर्दोष ठरली. चोरून होणाऱ्या गर्भपातांचा तिथे वर्षाला ३.७ लाख ते ५.२ लाख असा अंदाज सांगितला जायचा. पैसेवाल्या बायका खासगी डॉक्टरकडे जायच्या. बाकीच्यांचं काय व्हायचं ते घोषणेच्या शेवटच्या तुकड्यात आहे.

रुमाल त्रिकोणी आहे म्हटल्यावर आपल्या वयाच्या माणसाला एक गोष्ट आठवायलाच हवी. लाल त्रिकोण. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, एसटीच्या मागे, आगपेटीवर, निरोधच्या पाकिटावर. उलटा लाल त्रिकोण आणि 'हम दो हमारे दो'. अर्जेंटिनाचं सरकार बायकांना गोळ्या मिळू देत नव्हतं त्याच सुमारास आपलं सरकार माणसं पकडून नसबंदीच्या टेबलावर घालत होतं. आणीबाणीत १९७६ साली आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, नाहीतर तोही मान आपल्याच राज्याला होता. माझ्या मोठ्या चुलत्यांनी डबा आणि काही रुपये घेऊन ऑपरेशन करून घेतल्याची गोष्ट आमच्या घरात हसत सांगतात. काकूला कुणी विचारलं होतं का, हे त्या गोष्टीत येत नाही.

भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "पण मावशी, आपल्याकडे गर्भपाताचा कायदा तर १९७१ चा आहे. यांच्याआधी पन्नास वर्षं!" आहेच. कुणी रुमाल न बांधता झाला. लोकसंख्येची काळजी होती, त्यात चोरून गर्भपात करून घेताना मरणाऱ्या बायकांची काळजी मिसळली, समितीने अहवाल दिला, कायदा आला. चांगलंच झालं. पण त्या कायद्यात ठरवतो डॉक्टर, बाई नव्हे. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, हेही त्यात लिहिलंय, आणि तरी आमच्या युनिटवरच्या एका मुलीला दवाखान्यात आधी नवऱ्याची सही आणायला लावली होती. दुपारच्या सुट्टीत बायका क्युरेटिनबद्दल, म्हणजे गर्भपिशवी साफ करण्याबद्दल, बोलतात ते अजून मशीनच्या आवाजाआडच. वर आपल्याकडे मुलगी नको म्हणून पोट पाडण्याचा इतिहास आहे, १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीवर पहिला कायदा महाराष्ट्रालाच करावा लागला. त्यामुळे गर्भपात म्हटलं की आपल्या मनात तेच येतं, आणि जिला खरंच गरज आहे तीही गुन्हेगारासारखी मान खाली घालते. अर्जेंटिनातली शाळकरी पोर बॅगेला हा शब्द छापलेलं कापड बांधून मेट्रोत बसते, ते पाहून मला पहिल्यांदा कसंसंच झालं. आठवडाभराने काहीच वाटेना. हेच या मालाचं काम आहे, आणि ते माझ्यावरही झालं.

आता नकली मालाबद्दल. ओन्से नावाचा तिथला घाऊक कापडबाजार आहे, आपल्या मुंबईच्या मंगळदास मार्केटची आठवण होईल असा. गठ्ठे, हातगाड्या, फुटपाथवर ओरडणारी माणसं. तिथे मी पाय दुखेपर्यंत हिंडले, भाची कंटाळून एका पायरीवर बसून राहिली. एका दुकानात हाच हिरवा रुमाल मिळाला, टेबलावरच्या निम्म्याहून कमी दरात. न विणलेलं कापड, हल्ली लग्नात भेटवस्तू देतात त्या पिशव्यांचं. कडेला शिलाई नाही, नुसता कापलेला. पांढरा इतका पातळ की अक्षरं हिरवट दिसतात. दोनदा गाठ मारून सोडली आणि तिथेच विरला. घेऊ नका.

पण त्या दुकानदाराला नावं ठेवताना माझी जीभ थोडी अडखळते. त्याच्या शेल्फवर हिरवा होता, शेजारी आकाशी होता. आकाशी म्हणजे विरोधकांचा, 'दोन्ही जीव वाचवा' म्हणणाऱ्यांचा, तिथल्या झेंड्याचा रंग. नारिंगी होता, तो चर्च आणि सरकार वेगळं करा म्हणणाऱ्यांचा. १९ फेब्रुवारी २०१८ ला संसदेसमोर हजारो बायकांनी एकदम रुमाल वर धरले, त्याला ते पान्युएलासो म्हणतात. तिथून मागणी इतकी वाढली की बाजारानेच छापायला घेतलं. एकाने रुमाल काढला म्हणून समोरच्यालाही रुमालच काढावा लागला. आमच्या धंद्यात नक्कल झाली की आम्ही भांडतो. इथे नक्कल होण्यानेच माल पसरला. सोपा आकार, एक रंग, एक स्क्रीन, कुठल्याही गावात छापता येईल असा. चिली, मेक्सिको, कोलंबिया, सगळीकडे बायकांनी आपापल्या मजकुराचा हिरवा रुमाल काढला. मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये गर्भपाताला गुन्हा ठरवणं घटनाबाह्य म्हटलं. कोलंबियाच्या घटना न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चोवीस आठवड्यांपर्यंतची मोकळीक दिली. दोन्हीकडे न्यायालयाबाहेर हाच रंग होता. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथला हक्क काढून घेतला, तेव्हा तिकडच्या मोर्चांतही हिरवा पोचला.

रंगाबद्दल आमच्या घरात वाद झाला. पांढरा आयांचा, जांभळा स्त्रीवाद्यांचा आधीपासूनचा, हिरवा तिथे कुठल्याच पक्षाचा नाही, म्हणून हिरवा. आपल्याकडे हिरवा म्हणजे चुडा, ओटी, डोहाळजेवणाची साडी. सासूबाईंनी माझ्या हातात रुमाल पाहिला आणि कौतुकाने विचारलं, "कुणाचं डोहाळजेवण?" मी खरं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला चौथ्याच्या वेळी नको होतं." चौथा म्हणजे माझा नवरा. तो तिथेच चहा पीत होता. पुढे कुणीच काही बोललं नाही, आणि रुमाल सासूबाईंनी घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवला. परत मागितलेला नाही.

कायदा झाल्यावर हा रुमाल घ्यायचा कशाला, असं कुणी विचारेल. मी गेले त्याच्या तीन महिने आधी हाविएर मिलेई राष्ट्राध्यक्ष झाले होते, आणि त्यांचा या कायद्याला उघड विरोध आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाच्या काही खासदारांनी कायदा रद्द करण्याचं विधेयकही मांडलं. ते पुढे सरकलं नाही, पण टेबलावरच्या बाईचा माल त्या दिवशी झपाट्याने खपत होता. तिचं म्हणणं, कायदा कागदावर आहे तसाच आहे, पण दवाखान्यात गर्भपाताच्या गोळ्या नसतील तर कागद काय चाटायचा? हे भाचीचं भाषांतर. मूळ शब्द याहून तिखट असावेत, कारण शेजारची बाई खो खो हसली.

कुणी घ्यावा? संग्रहासाठी घेणाऱ्यांनी जरूर घ्यावा. छपाईच्या धंद्यातल्यांनी तर घ्यावाच, एक स्क्रीन आणि एक रंग यात किती काम बसतं ते पाहायला. विमानतळावरच्या दुकानात शोधू नका, मला तरी तिथे दिसला नाही. मोर्चाच्या दिवशी संसदेजवळच्या टेबलांवर मिळतो. ऑनलाइन मागवला तर साटिनचा चकचकीत येण्याची शक्यता आहे, माझ्या ओळखीच्या एकीला तसाच आला, आणि त्याची गाठ टिकत नाही. धुताना वेगळा धुवायची गरज नाही. इस्त्री उलट्या बाजूने आणि कोमट, छापलेल्या बाजूवर गरम इस्त्री ठेवलीत तर पांढरं उचलून येईल.

पाचपैकी चार तारे. एक तारा उरेब कडेच्या शिलाईसाठी कापलाय, आणि तो मी कुणाच्या सांगण्यावरून परत देणार नाही.